संगणकाला परक्याचे कुलूप

खंडणी मागायची तर पूर्वी माणूस पळवावा लागे. आता वस्तू आपल्याच घरात ठेवून तिला कुलूप ठोकतात आणि किल्लीचे पैसे मागतात. संगणकावरच्या या दरोड्याला रॅन्समवेअर म्हणतात. हे प्रकरण तसं नवं नाही बरं का! १९८९ साली सुमारे २०,००० फ्लॉप्या टपालाने परदेशांत वाटल्या गेल्या. एड्सची माहिती आहे म्हणून लोकांनी त्या संगणकात घातल्या. पुढे संगणक नव्वदाव्या वेळी सुरू केला की फायलींची नावे गडप होत, आणि मागणी येई : पनामाच्या टपालपेटीत १८९ डॉलर पाठवा.

समजा, आपल्या घरी लग्नाचे फोटो उघडेनासे झाले. मग काय करायचं? कुलूप खरं आहे की नुसती हूल, हे आधी पाहावं. इंटरनेट पाहता पाहता पडद्यावर लाल अक्षरं झळकली, भोंगा वाजला, ‘या नंबरावर फोन करा’ असं आलं, तर ती बहुधा हूलच. ते पान बंद करून आपल्या फायली उघडून पाहाव्यात. उघडल्या, तर फोन मुळीच करू नये. मात्र फायलींच्या नावांना अनोळखी शेपूट चिकटलेलं असेल आणि जागोजाग खंडणीची चिठ्ठी असेल, तर मामला खरा.

अशा वेळी पहिल्यांदा इंटरनेट तोडावं. पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क जोडलेली असेल तर उपसावी. जे जोडलेलं त्याला कुलूप, हा या दरोडेखोराचा खाक्या. फायली डोळ्यांदेखत बदलत असतील तर संगणक सरळ बंद करावा. सगळं उरकलं असेल तर मात्र घाई नको. २०१७ च्या वॉनाक्रायच्या साथीत जुन्या विंडोज एक्सपीच्या काही संगणकांतून किल्ली हाती लागू शकली, पण ती बंद करून पुन्हा सुरू न केलेल्या संगणकांतूनच.

घरगुती संगणकांना फार छळलं ते ‘स्टॉप-डीजेव्हीयू’ने. महागडं सॉफ्टवेअर फुकटात उतरवायला जावं, तर हा पाठोपाठ आत. मागणी ९८० डॉलरची. ७२ तासांत बोलणी केलीत तर निम्मे! पैसे भरून किल्ली मिळेलच याची हमी कोण देणार? उलट याला एक खोड होती. आपल्या धन्याशी इंटरनेटवरून संपर्क झाला नाही, तर तो ठरीव किल्ली वापरी, आणि तीच अनेकांच्या कुलपांना लागे. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच्या १४८ प्रकारांसाठी मोफत साधन निघालं. ज्यांनी चिडून फायली पुसल्या होत्या, त्यांना त्याचा काय उपयोग?

म्हणून कुलूपबंद फायली आणि ती चिठ्ठी वेगळ्या डिस्कवर जपून ठेवावी. युरोपातल्या पोलिसांनी २०१६ साली सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या ठिकाणी चिठ्ठी दाखवून मोफत किल्ली आहे का, ते विचारता येतं. आज नसली तर वर्षाने पुन्हा विचारावं. पोलिसांच्या सायबर शाखेकडे तक्रारही नोंदवावी.

त्यानंतरच संगणक पूर्ण पुसून विंडोज नव्याने घालावी. आणि बँकेचे, ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून बदलावेत. कारण हा पाहुणा पुष्कळदा पासवर्ड चोरणारा सोबती घेऊन येतो, आणि त्याची चिठ्ठी कुठे सापडत नाही.