वादळाच्या रात्रीची साक्ष

जानेवारी १९०९मध्ये आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतली म्हातारी माणसं एका जुन्या वादळाच्या आठवणी हिरिरीने सांगू लागली. ६ जानेवारी १८३९च्या रात्री त्या वादळाने देशभर छपरं उडवली होती. सत्तर वर्षांनी त्याला महत्त्व आलं, कारण सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागली होती आणि वयाचा दाखला बहुतेकांकडे नव्हता. सर्वांच्या जन्मनोंदी ठेवायला सरकारने सुरुवात केली ती १८६४मध्ये. तेव्हा ‘मला वादळाची रात्र आठवते’ हाच अनेकांचा पुरावा.

अधिकाऱ्यांना अर्थातच कागद हवा होता. डब्लिनच्या दप्तरखान्यात १८४१ आणि १८५१च्या खानेसुमारीच्या वह्या होत्या. अर्जदाराने आईवडिलांची नावं आणि राहतं ठिकाण कळवलं, की कारकून ते घर शोधून वय फॉर्मवर उतरवून घेई. कधी सगळ्या भावंडांची नावंही.

या फॉर्मांची खरी किंमत पुढे कळली. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, फोर कोर्ट्स इमारतीतला तो दप्तरखाना जळाला. १८२१ ते १८५१च्या खानेसुमारीतलं जवळपास सगळं गेलं. १८६१ आणि १८७१चे कागद सरकारने आधीच नष्ट केले होते, तर १८८१ आणि १८९१चे पहिल्या महायुद्धात लगद्यात गेले. पेन्शनचे फॉर्म मात्र वाचले. आज ते आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. दुष्काळाने देश उजाड होण्याआधी एखाद्या झोपडीत कोण कोण राहत होतं, हे काही कुटुंबांना केवळ पाच शिलिंगांच्या त्या अर्जामुळे कळतं. ‘सापडले नाही’ असा शेरा मारलेला फॉर्मही टाकाऊ नाही. अर्जदाराचे आईवडील कोण आणि घर कुठे, एवढं तरी त्यावर असतंच.

आगीत प्रोटेस्टंट चर्चच्या शेकडो नोंदवह्याही गेल्या. सुरक्षित राहाव्यात म्हणूनच त्या डब्लिनला पाठवल्या होत्या! कॅथलिक वह्या गावोगावच्या चर्चमध्ये राहिल्या आणि तगल्या. त्यांच्या मायक्रोफिल्म राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५मध्ये इंटरनेटवर खुल्या केल्या. अक्षर किरटं, नावं बरेचदा लॅटिन, त्यामुळे जेम्सला ‘जाकोबुस’ म्हणून शोधावं लागतं. काही प्रोटेस्टंट वह्याही गावातच राहिल्या होत्या. बराक ओबामांच्या आईकडचे एक पूर्वज, फाल्मथ कर्नी, १८५०मध्ये अमेरिकेला गेले. त्यांचं मूळ ऑफली परगण्यातल्या मनीगॉलचं, हे त्या भागातल्या अशाच चर्चनोंदींतून पक्कं झालं. मे २०११मध्ये ओबामा त्या गावी जाऊन आले.

कुठल्याही शोधात आधी ठिकाण हवं. आयर्लंडमध्ये साठ हजारांवर ‘टाउनलँड’ आहेत. टाउनलँड म्हणजे जमिनीचा सगळ्यात लहान नोंदला जाणारा विभाग, कधी जेमतेम वाडीएवढा. नुसतं ‘पॅट्रिक मर्फी, कॉर्क’ एवढ्यावर काहीच हाती लागत नाही. टाउनलँड कळलं, तर रिचर्ड ग्रिफिथ यांनी १८४७ ते १८६४ दरम्यान केलेल्या जमीन-मूल्यांकनात कुळाचं नाव, जमीनदाराचं नाव आणि नकाशावरचा तुकडा सापडू शकतो. त्यापुढच्या दुरुस्तीवह्या आपल्याकडच्या फेरफार नोंदींसारख्या आहेत. जुनं नाव खोडलेलं, वर वेगळ्या रंगाच्या शाईत नवं नाव, बाजूला वर्ष. कुळ वारलं, परदेशी गेलं की जमीन दुसऱ्याकडे गेली, याचा तपास त्या वर्षापासून सुरू करता येतो.

१९०१ आणि १९११च्या खानेसुमारीचे फॉर्म घरटी पाहता येतात. १९११मध्ये विवाहित स्त्रियांना विचारलं होतं, जिवंत जन्मलेली मुलं किती आणि आज हयात किती. दोन आकड्यांतला फरक वाचताना पोटात कालवतं. वयाच्या रकान्यावर मात्र फार विसंबू नये. १९०१मध्ये छप्पन्न वर्षांची असलेली व्यक्ती १९११मध्ये एकदम सत्तरीची झालेली दिसते, ती पेन्शनच्या आशेने. वयातल्या तफावतीमुळे माणूस वेगळा ठरवून टाकणं, ही इथली नेहमीची चूक.

काहींचा माग मुंबईपर्यंत येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात आयरिश तरुण मोठ्या संख्येने भरती झाले. मुंबई इलाख्यातल्या त्यांच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांना जोडून कंपनीच्या युरोपीय सैनिकांची रजिस्टरं पाहावीत, कारण त्यांत भरती झालेल्याचं मूळ ठिकाण आणि आधीचा धंदाही नोंदलेला असतो. आयर्लंडमध्ये जळालेलं नाव तिथे सापडू शकतं.