आधी भीती जाऊ द्या

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याच्या सुभेदाराने, राजखान पठाणाने, तो १७०० च्या सुमारास बांधला. भोसल्यांच्या काळात त्याचा तुरुंग झाला. आतल्या विहिरीचं सडकं पाणी पाजून कैद्यांना मारत, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे.

या मुलखाच्या ताज्या जखमा मात्र किल्ल्याबाहेरच्या आहेत. शेजारच्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजीत, २९ सप्टेंबर २००६ रोजी दलित भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये शिक्षा सुनावली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही हत्येमागे जात असल्याचं मानलं नाही. मग ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. लेकरू जिथे गेलं, त्याच आवारात मन मोकळं करायला बोलावलं, तर ती आई पायरी चढेल?

आघाताचं भान ठेवून उपचार करायचे म्हणजे आधी हे प्रश्न विचारायचे. अमेरिकेतल्या ‘साम्हसा’ या सरकारी यंत्रणेने २०१४ मध्ये त्याची सहा तत्त्वं मांडली. पहिलं सुरक्षिततेचं, शेवटच्यात संस्कृती आणि इतिहास येतात. ही तत्त्वं व्यसनमुक्तीलाही लागू पडतात, पण आपल्याकडे तिची सुरुवात बहुधा शपथेने आणि कानउघाडणीने होते. आधीच भेदरलेल्या माणसाला आणखी एक साहेब भेटतो, इतकंच.

गडचिरोलीत या भीतीचा अनुभव फार आधी आला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आदिवासींना विचारलं, दवाखान्यात का येत नाही? उत्तरं साधी होती. पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, कारण आमच्यात मेलेल्याला पांढऱ्यात गुंडाळतात. नातेवाइकांना थांबायला जागा नसते. तिथे आमचा देवही नाही. म्हणून संस्थेच्या आवारातला, शोधग्रामचा दवाखाना आदिवासी गावाच्या धर्तीवर, झोपड्यांसारखा उभा राहिला आणि त्याला त्यांच्या देवीचं, दंतेश्वरी मातेचं नाव मिळालं. औषधं तीच, फक्त दार बदललं.

दारूचा प्रश्न याहून गुंत्याचा आहे. पूर्व विदर्भात मोहफूल वेचलं जातं, खाल्लं जातं, विकलं जातं, त्याची दारू गाळली जाते आणि ती देवालाही चढते. मोहाचं झाडच शत्रू ठरवणारा समुपदेशक पहिल्याच भेटीत अर्धं घर गमावतो. पण पूजेतली धार वेगळी आणि रोज गुत्त्यावर रिचवलेली बाटली वेगळी. मार खाणाऱ्या बाईला परंपरेच्या नावाखाली गप्प बसवणं ही संस्कृतीची कदर नव्हे. गडचिरोलीची १९९३ ची दारूबंदी लोकचळवळीतून आली, तिच्यात गावागावातल्या बायका होत्या, हे विसरता येत नाही.

गावातलाच माणूस समुपदेशनाचं काम करू शकतो का? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने तसं करून पाहिलं. तिथे स्थानिक कार्यकर्ते घरोघरी गेले. नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७.२ टक्के झालं. गोव्यात ‘संगत’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून पिणाऱ्या पुरुषांशी चार बैठकांपर्यंत बोलणं करवलं. तीन महिन्यांनी त्यांपैकी ३६ टक्के घातक पिण्याच्या पातळीखाली आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे.

तरी गावातला माणूस म्हणजे आपोआप विश्वासाचा माणूस नव्हे. खैरलांजीसारख्या गावात तो कोणत्या वस्तीतून येतो, हे ऐकणाऱ्याला आडनावावरून कळतं. तिथे बोलायला दुसऱ्या गावचा माणूस मागण्याची मुभा हवी, आणि वहीत काय लिहिलं जाईल हे आधी सांगायला हवं. तारखाही गावाच्या हव्यात. धानकापणीत कुणी येणार नाही. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते, झाडीपट्टीची, म्हणजे याच भागातली नाटकं रात्रभर चालतात, आणि नुकती दारू सोडलेल्याचं पाऊल घसरण्याचीही हीच वेळ असते. पुढची भेट मंडईच्या आदल्या आठवड्यात ठेवायची, हे तुमसरच्या समुपदेशकाला पुण्याच्या प्रशिक्षणात कुणी शिकवणार नाही.