टोमॅटोचा रस : स्वस्ताईत भरा, टंचाईत वापरा

कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या घोडेगावातही टोमॅटो कधी मातीमोल होतो, तर 2023च्या जुलैसारखा कधी किलोला शंभरी ओलांडतो. स्वस्ताईत रस भरून ठेवावा.

लिटरभर रसाला दीडेक किलो पिकलेली, बिनडागी फळे लागतात. चिरताच उकळायला टाका, नाहीतर रसाचे पाणी वेगळे होते. मग गाळा. खरी काळजी पुढेच आहे : टोमॅटोचा आंबटपणा काठावरचा असतो. सामू 4.6च्या वर गेला, तर हवाबंद बरणीत बोट्युलिझमचे विष तयार होऊ शकते. म्हणून लिटरला चहाचा अर्धा चमचा सायट्रिक अ‍ॅसिड घालाच. उकळता रस अर्धा इंच जागा सोडून भरा, बरणी पाण्यात पूर्ण बुडवून उकळा. समुद्रसपाटीला 40 मिनिटे, आपल्या पठारावर 45. झाकण फुगलेली बरणी चाखून न पाहता फेकून द्या.