मालक क्रमांक दोन

पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या तळेगाव चौकात अडकून पडण्याचा योग ज्यांना येतो, त्यांनी एक दृश्य हमखास पाहिलेलं असतं. शेजारच्या रांगेत लांबलचक ट्रेलर उभा असतो आणि त्याच्या पोटात नव्याकोऱ्या मोटारी दाटीवाटीनं बसलेल्या असतात. त्याच्या मागे कंपनीची बस असते. खिडकीला डोकं टेकून पाळी संपवलेली पोरं झोपलेली असतात. गाडी जोडणारे बसमध्ये आणि जोडलेली गाडी ट्रेलरमध्ये. दोघांची गाठ पडते ती अशी, वाहतूक कोंडीत.

हे गाव मोटारींचं झालं त्यालाही आता बराच काळ लोटला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९६६ मध्ये टेल्को इथं आली. त्याआधी १९५४ ते १९६९ अशी पंधरा वर्षं टाटांच्या जमशेदपूरच्या ट्रकांचं मर्सिडीज-बेंझशी नातं होतं. तो करार संपला, पण पंचवीस वर्षांनी तो तारा परत आला तो आपल्या अंगणात. १९९४ साली मर्सिडीज-बेंझची भारतातली कंपनी निघाली आणि १९९५ पासून तिच्या ई-क्लास मोटारी पिंपरीत, टेल्कोच्या आवारात जुळू लागल्या. २००९ साली तिनं चाकणला स्वतःचं घर केलं. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखानाही चाकणला सुरू झाला. ज्या गावची ओळख एके काळी कांद्याच्या बाजारामुळं होती, तिथं जर्मन मोटारींची नावं पोरंटोरं ओळखू लागली.

आमची पिढी मात्र स्कूटरवाली. आकुर्डीत स्कूटर तयार व्हायची आणि आकुर्डीतल्याच माणसाला तिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं. बँकेत लागल्यावर मला वाहनकर्ज मिळालं ते दुचाकीचं. पुढे अधिकारी झालो, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या शाखेत बसू लागलो, आणि दुसऱ्यांच्या मोटारींच्या कर्जावर सह्या करू लागलो. मोठी, लांब, मागच्या सीटवर पाय पसरता येतील अशी गाडी म्हणजे 'साहेबाची गाडी'. ती फाटकाशी आली की रखवालदार उभा राहतो. ती घेणारा बहुधा लघुउद्योजक असायचा. शेडमध्ये दोन लेथ टाकून सुरुवात केलेला, ग्रीसचे हात पुसत केबिनमध्ये येणारा. मोठ्या कंपनीत ऑर्डरसाठी जायचं तर गाडी बरी हवी, असं तो सांगायचा, आणि ते खोटं नसायचं.

बँकेत मूल्यांकनाचे अहवाल वाचून वाचून माझ्या अंगात एक खोड मुरली आहे. तारण ठेवलेल्या मालमत्तेच्या अहवालात मूल्यांककानं तीन किमती लिहायच्या असतात. पहिली बाजारभावाची. दुसरी प्रत्यक्षात हाती पडेल ती. तिसरी नडलेल्या विक्रीची, म्हणजे मालकाला आज, आत्ता विकावंच लागलं तर येणारी. गाडी, घर, यंत्र, काहीही पाहिलं की माझ्या डोळ्यांपुढे हे तीन आकडे उभे राहतात. जुन्या गाडीच्या बाजाराचं सगळं इंगित या तीन आकड्यांमधल्या फटींत आहे.

गाडी जितकी साहेबी, तितकी ही फट मोठी. विमा कंपन्यांची घसाऱ्याची पट्टीच पाहा. सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, वर्षापर्यंत पंधरा, मग वीस, तीस, चाळीस, आणि पाचव्या वर्षी पन्नास टक्के. पाच वर्षांपुढे तर पट्टीच नाही, कंपनी आणि मालक मिळून ठरवतील ती किंमत. म्हणजे सव्वीस लाखांची गाडी पाचव्या वर्षी कागदावर तेरा लाखांची होते, आणि बाजार कागदापेक्षा निर्दय असतो. मोठ्या गाडीचा पहिला मालक जुनी वापरत नाही आणि दुसरा मालक तिच्या खर्चाला भितो. म्हणून ती लहान गाडीहून वेगानं उतरते.

निवृत्तीनंतर अशी एक उतरलेली गाडी घ्यावी असं माझ्या मनात आलं, तेव्हा सौ.नं विचारलं, "अहो, कुणाला दाखवायचीय?" प्रश्न रास्त होता. उत्तर मी तेव्हा दिलं नाही. कादंबरी लिहिताना मी कितीदा माणसांना अशा गाडीत बसवलं होतं. ती आतून कशी चालते, याचं कुतूहल होतं. आणि तिचे गुडघे आता उंच गाडीत चढताना कुरकुरू लागले होते. मुलगा म्हणाला, "बाबा, त्या पैशात नवी छोटी येईल." तेही खरंच होतं.

माझ्या मदतीला आले आमचे शेजारी. तीस वर्षं भोसरीत मोटारींच्या दारांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात काढलेले, सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. पहिली गाडी चकाचक होती, दलालानं किलोमीटरही कमी दाखवले होते. शेजाऱ्यांनी बॉनेट उघडलंच नाही. दाराच्या कडेवरून बोट फिरवलं, दोन पत्र्यांमधली फट वरपासून खालपर्यंत नुसत्या स्पर्शानं मोजली आणि म्हणाले, "साहेब, हिला उजवीकडून जबर मार बसलाय. चला." दुसऱ्या गाडीत त्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. टोकाला मातीची पुसट रेघ होती. गाडी कधीतरी पाण्यात बुडालेली होती. ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत आणि मीटर मात्र तीस हजारांवर, अशी तिसरीही पाहिली. त्या दिवशी मला वाटलं, या पट्ट्याची खरी श्रीमंती शोरूमच्या काचेत नाही, ती अशा बोटांत आहे. आणि या बोटांचा मालक त्याच्या हातच्या दाराच्या गाडीत मागच्या सीटवर आयुष्यात एकदाही बसला नव्हता.

चौथी गाडी २०२३ साली मिळाली. २०१४ची, काळी, डिझेलवर चालणारी, एकहाती. विकणारे चाकणजवळचे एक लघुउद्योजक. करोनाच्या टाळेबंदीत त्यांच्या ऑर्डरी थांबल्या होत्या. रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते लांबवण्याची सवलत दिली, त्यात त्यांनी श्वास घेतला. पण लांबवलेला हप्ता माफ होत नसतो, त्यावर व्याज चढतं. आता काम परत आलं होतं आणि एक यंत्र घ्यायला पैसे कमी पडत होते. सात लाख सांगितले. दलाल मला बाजूला घेऊन म्हणाला, "नडलाय. दोन आठवडे थांबा, साडेपाचात देईल."

तिसरा आकडा माझ्यापुढे आयता चालून आला होता. नोकरीत तो मी अहवालात कितीदा वाचला, पण त्याच्या पलीकडे बसलेला माणूस इतक्या जवळून पाहिला नव्हता. त्यांनी गाडीचे सगळे सर्व्हिसचे कागद तारखेनुसार फायलीत लावून ठेवले होते. घरी आल्यावर सौ. म्हणाली, "दीड लाखानं आपण श्रीमंत होणार नाही. रोज त्या गाडीत बसायचंय." मी पावणेसात लाखांना सौदा केला. पंचवीस हजार कमी केले ते चार टायर बदलायचे होते म्हणून, आणि तसं सांगून.

कागदांच्या बाबतीत मात्र मी जुना बँकवालाच राहिलो, आणि वाचकहो, तुम्हीही राहा. आधी परिवहन खात्याच्या 'वाहन' संकेतस्थळावर कर्जाचा बोजा, विमा आणि थकलेली चलनं पाहावीत. कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ दिल्याशिवाय बोजा उतरत नाही. मालकी बदलायला नमुना २९ आणि ३०. गाडी परराज्यातली असेल तर नमुना २८ हवा आणि इथला रस्ता कर नव्यानं भरावा लागतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं २०१५ साली बंदी आणल्यापासून तिकडच्या स्वस्त गाड्या इकडे येऊ लागल्या, त्यांचा स्वस्तपणा हा खर्च धरून मोजावा. आणि विकणाऱ्यानं तर जास्तच जागं राहावं. पुस्तकावर नाव बदललेलं नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच राहते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलं आहे. गाडी दिली, पैसे घेतले, नाव नंतर बघू, हे 'नंतर' फार महाग पडू शकतं.

आता संसाराबद्दल. साहेबाची गाडी निम्म्याहून निम्म्या किमतीत मिळते, पण तिचे सुटे भाग पहिल्या मालकाच्याच भावानं मिळतात. पावणेसात लाखांवर साडेसात टक्क्यांनी वर्षाचं व्याज ५०,६२५ रुपये होतं, ते मी खर्चाच्या वहीत पहिल्या ओळीत धरतो. इंजिन पंधराशे सीसीच्या वरचं, म्हणून १ जून २०२२ च्या दरपत्रकानुसार नुसता तृतीय पक्ष विमा ७,८९७ रुपये, कर वेगळा. रबर, प्लॅस्टिक, बॅटरी यांच्या दाव्यावर निम्मी रक्कम आपल्या खिशातून. व्याज, विमा, सर्व्हिसिंग धरून डिझेलशिवाय वर्षाला लाख-सव्वा लाख जातात. एवढी सोय नसेल त्यानं स्वस्त मिळते म्हणून मोठी गाडी घेऊ नये. पोट बुटकं असल्यामुळं प्राधिकरणातला प्रत्येक गतिरोधक मला पाठ झाला आहे. आषाढात तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते, त्या दोन दिवसांत तर ती जागची हलतच नाही. मंडईला अजूनही मी स्कूटरच काढतो.

पण निगडीहून द्रुतगती मार्गाला लागलं की सौ. मागे निवांत झोपते. आवाज आत येत नाही. गेल्या दिवाळीत शेजाऱ्यांना सपत्नीक आळंदीला नेलं. ते नेहमीसारखे पुढे बसायला निघाले. मी मागचं दार उघडून धरलं. बसल्यावर त्यांनी ते स्वतः ओढून घेतलं, आवाज ऐकला, आणि बायकोला म्हणाले, "बघ, असं लागलं पाहिजे." मोशीपर्यंत ते तिला दार कसं बनतं ते समजावत होते. इतक्या वर्षांत तिनं ते पहिल्यांदाच ऐकलं असावं.

गाडीची नोंदणी २०२९ पर्यंत आहे. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. माझ्या वाहन परवान्याचंही तसंच. वयाच्या पंचावन्नपुढे तोही पाचच वर्षांचा मिळतो, आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. तेव्हा मी सत्तरीला टेकलेलो असेन. दोघांपैकी आधी कोण नापास होतं, यावर घरात पैजा लागल्या आहेत. सौ.नं पैसे गाडीवर लावले आहेत. ती पास होईल म्हणून.