जुना ट्रक बांधून काढावा की बदलावा : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्या कुटुंबाचा सारा योगक्षेम एका ट्रकवर चालतो, त्या कुटुंबात गाडी दहा-बारा वर्षांची होऊन इंजिन ऑइल पिऊ लागले, की तिचे काम काढावे की तिला निरोप द्यावा हा प्रश्न उभा राहतो. गॅरेजातील मिस्त्री एक सांगतो, शोरूममधला विक्रेता दुसरे. आणि ज्याच्या पदरची रक्कम खर्ची पडावयाची तो मालक मात्र बहुधा ऐकीव समजुतींवर विसंबून निर्णय करून मोकळा होतो. या समजुती किती महागात पडतात हे पाहिले म्हणजे त्यांची छाननी करणे अगत्याचे वाटते.

पंधरा वर्षे पुरी झाली की सरकार गाडी भंगारात काढते, ही त्यांतील सर्वांत रूढ समजूत होय, आणि तिच्या धास्तीने धडधाकट गाड्याही मातीमोल भावाने विकल्या जातात. वस्तुतः १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांची जी सक्ती लागू झाली ती सरकारी मालकीच्या वाहनांपुरती आहे, आणि डिझेल वाहनांवरील दहा वर्षांचा सुप्रसिद्ध निर्बंध दिल्ली व राजधानी प्रदेशासाठी घातला गेला. केवळ वय झाले म्हणून खाजगी मालकाचा ट्रक मोडीत घालावा असा सरसकट कायदा नाही. आठ वर्षांनंतर मात्र योग्यतेचा दाखला, म्हणजे आपल्या बोलीतले पासिंग, दर साल घ्यावे लागते, आणि पंधरा वर्षांवरील जड वाहनासाठी त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून एकदम १२,५०० रुपयांवर नेण्यात आले. परंतु वयाची खरी मेख निराळ्याच ठिकाणी आहे, आणि तिकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते : १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ८८ व्या नियमाप्रमाणे दोन आसांच्या मालट्रकला बारा वर्षांनंतर, व बहुआसी मालट्रकला पंधरा वर्षांनंतर, नॅशनल परमिट मिळत नाही. म्हणजे अकराव्या वर्षी चार-पाच लाख रुपये ओतून बांधून काढलेली सहाचाकी गाडी वर्षभरात परराज्याच्या लाइनीला मुकते, आणि तीच गाडी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात माल वाहणार असेल तर तिला या नियमाची कसलीही बाधा पोहोचत नाही.

दुसरी समजूत अशी की इंजिन नवे झाले म्हणजे गाडी नवी झाली. इंजिनाचे काम काही अमर्याद वेळा करता येत नाही. टाटा २५१५ या दहाचाकीत जे कमिन्सचे ५.९ लिटरचे इंजिन येत असे त्यात मुळात सुटे लायनर नसतात. बोअर झिजला की तो कापून ०.५ मिलिमीटर, आणि त्यानंतर फार तर १ मिलिमीटर वाढीव मापाचे पिस्टन घालावे लागतात, व तेही माप संपले की ब्लॉकमध्ये स्लीव्ह बसवणे किंवा ब्लॉकच बदलणे एवढाच मार्ग उरतो. क्रँकचेही तसेच : दर ग्राइंडिंगला तिचे माप घटत जाते. म्हणून काम काढण्यापूर्वी बोअर आणि क्रँक आज कोणत्या मापावर आहेत हे मिस्त्रीकडून मोजून घेतल्यावाचून अंदाजपत्रकाला अर्थ नाही. शिवाय चासी तीच राहते. मागच्या कमानपाट्यांच्या ब्रॅकेटपाशी, रिव्हेटांच्या भोकांतून चिरा सुटतात आणि रंगाखाली दडून बसतात. तेथील रंग व गंज खरडून रॉकेल लावावे, कोरडे पुसून घ्यावे आणि वर खडूची भुकटी चोळावी, म्हणजे चिरेत मुरलेले रॉकेल पांढऱ्या भुकटीवर काळसर रेघ उमटवते. अशी रेघ एकाहून अधिक ठिकाणी दिसली तर इंजिनावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चासीला पट्ट्या जोडून गाडीची वहनक्षमता वाढते हाही भ्रमच, कारण वजनाची मर्यादा नोंदणी-पुस्तकात लिहिलेली असते, आणि वाटेल तेथे मारलेल्या वेल्डिंगने चासीचे पोलाद उष्णतेने कमकुवत होते.

आता हिशेबाकडे वळू. नव्या गाडीचा हप्ता डिझेलच्या बचतीतून सुटतो, असे सांगितले जाते. समजा, जुनी गाडी लिटरला साडेतीन किलोमीटर देते व नवी चार, आणि डिझेलचा भाव ९० रुपये आहे. महिना ६,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीत ही बचत सुमारे १९,००० रुपये होते. २५ लाखांचे कर्ज द.सा.द.शे. १० ने पाच वर्षांत फेडावयाचे तर हप्ता ५३,००० च्या घरात जातो. महिना १०,००० किलोमीटर धावले तर बचत ३२,००० वर जाते, आणि खाड्याचे दिवस वाचून मिळणारे भाडे तीत मिळवले तर हप्ता आवाक्यात येतो. उलट २,५०० किलोमीटरच धावणाऱ्या गाडीला बचत जेमतेम ८,००० ची. म्हणूनच गळीत हंगामाचे चार-पाच महिने कारखान्याला ऊस घालणारा कोल्हापूर-सांगलीकडील मालक जुनीच गाडी बांधून काढतो, त्यात त्याचे काही चुकत नाही.

परंतु हप्ता नाही म्हणून जुनी गाडी स्वस्त, हा निष्कर्षही तितकाच घातक आहे. लासलगावचा कांदा भरून न्हावा शेव्याकडे निघालेली गाडी कसारा घाटात गिअरबॉक्स घेऊन बसली, तर दुरुस्तीचे बिल हा नुकसानीचा केवळ एक हिस्सा असतो. क्रेनचे भाडे, दुसऱ्या गाडीत माल भरण्याची हमाली, चालकाचा भत्ता, मालाच्या खराबीपोटी झालेली कपात आणि हुकलेला परतीचा फेरा हे सर्व जमाखर्चात लिहावयास हवे, आणि नेमके तेच कोणी लिहीत नाही. गेल्या वर्षाचे खाडे रोजच्या भाड्याच्या दराने मांडून पाहावेत. मात्र गतसाली गाडीवर घातलेले दोन लाख या हिशेबात धरू नयेत. ती रक्कम गाडी ठेवली तरी परत येत नाही आणि विकली तरी येत नाही.

घसाऱ्यामुळे प्राप्तिकर वाचेल म्हणून नवी गाडी घेणाऱ्यांनाही एक सूचना करावीशी वाटते. दहापर्यंत मालगाड्या असणाऱ्यांसाठी १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या ४४एई कलमाने जी अंदाजी उत्पन्नाची पद्धत घालून दिली, तीत १२ टनांवरील गाडीचे उत्पन्न एकूण वजनाच्या दर टनास दरमहा १,००० रुपये धरले जाते आणि घसारा किंवा व्याज निराळे वजा मिळत नाही. छोट्या मालकांपैकी जे हीच पद्धत पत्करतात, त्यांच्या बाबतीत घसाऱ्याचा युक्तिवाद लागूच पडत नाही.

अखेर गाडी काढावयाचेच ठरले, तर ती भंगारवाल्याला रोख रकमेवर देऊन कागद तसेच ठेवण्याचा प्रघात सोडावा, कारण नोंदणी रद्द होईपर्यंत कराची बाकी आणि चलनांचा तगादा सरकारदफ्तरी मूळ मालकाच्याच नावावर चढत राहतो. नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी दिली असता ठेव-प्रमाणपत्र मिळते, आणि त्याच्या आधारे नव्या परिवहन वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद २०२१ च्या नियमांत आहे. गाडी सोपवण्यापूर्वी मागील कर, थकलेली चलने आणि फायनान्सच्या बोजाचा ना-हरकत दाखला यांचा निकाल लावून घ्यावा.