हवामान खाते

बातम्यांच्या शेवटी आपण हवामानाचा अंदाज ऐकतो. तो तयार कसा होतो?

१८६४ साली कोलकात्याला चक्रीवादळाने झोडपले. १८६६ साली पावसाने दगा दिला. पुढे १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते सुरू झाले. खात्याच्या वेधशाळा देशभर आहेत. तेथे तापमान, हवेचा दाब आणि वारा मोजतात. पर्जन्यमापकातले पाणी रोज सकाळी साडेआठला मोजतात. उंचावरची हवा जाणून घेण्यासाठी मोठा फुगा आकाशात सोडतात. त्याला बांधलेले छोटे यंत्र वर जाता जाता बिनतारी संदेश पाठवत राहते. उपग्रह ढगांची चित्रे पाठवतात. या माहितीवरून संगणकाच्या मदतीने अंदाज काढतात.

अंदाज कधी चुकतो, मग लोक हसतात. पण वादळाच्या वेळी हसून चालत नाही. १९९९ साली ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ वादळ आले. खात्याने काही दिवस आधीच इशारा दिला होता. लाखो लोकांना सुरक्षित जागी हलवले. घरे पडली, पिके बुडाली. पण मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

आपल्या कोकणातही वादळाची चाहूल लागली, की बंदरावर धोक्याचा बावटा चढतो. तो पाहून कोळी होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात.