रेझिया : एका रुग्णाची सहचारिणी

कादंबरी वाचतांना आपलें लक्ष नायक-नायिकेकडे लागून राहतें, आणि दुय्यम पात्रांना आपण कथेच्या सोयीसाठीं आणलेलीं माणसें समजतों. परंतु कित्येकदां अशा एखाद्या पात्राजवळच ग्रंथाचें मर्म ठेवलेलें असतें. व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेच्या 'मिसेस डॅलोवे' या कादंबरींतील रेझिया ही अशा पात्रांपैकीं एक होय. श्रोतेहो, तिचाच परिचय आज आपणांस करून द्यावयाचा आहे.

ही कादंबरी 1925 सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांतील कथा 1923 सालच्या जून महिन्यांतील एका दिवसाची, आणि स्थळ लंडन शहर. बाह्य घटना थोड्या. पात्रांच्या मनांत क्षणोक्षणीं उमटणारे विचार, आठवणी आणि भास यांच्या ओघांतून कथानक पुढें सरकतें. या पद्धतीस आपल्याकडील टीकाकार संज्ञाप्रवाह म्हणतात. क्लॅरिसा डॅलोवे ही प्रतिष्ठित गृहिणी रात्रीच्या मेजवानीची तयारी करीत असते. त्याच शहरांत सेप्टिमस वॉरन स्मिथ नांवाचा तरुण वेडाच्या कडेवर उभा असतो. या दोघांची भेट अखेरपर्यंत होत नाहीं. रेझिया ही सेप्टिमसची पत्नी.

ती मूळची इटलींतील मिलान शहराची; बहिणींसमवेत टोप्या तयार करणारी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सेप्टिमस तिच्या वडिलांच्या घरीं उतरला होता. त्याचा जिवलग अधिकारी एव्हान्स युद्ध संपतां संपतां मारला गेला, आणि आपणांस त्याचें कांहींच वाटत नाहीं याबद्दल त्यानें प्रथम स्वतःला शाबासकी दिली. पुढें याच बधिरतेची त्याला धास्ती वाटूं लागली, आणि त्या भयाच्या भरांत त्यानें रेझियाला मागणी घातली. तिच्या संसाराचा पाया असा होता, आणि तिला त्याची कल्पनाही नव्हती.

अशा सैनिकांच्या व्याधीस तेव्हां 'शेल-शॉक' म्हणत. हा रोग मानावयाचा कीं स्वभावाचा दुबळेपणा, हा वाद इंग्लंडांत युद्धानंतरही धुमसत होता. ब्रिटिश युद्धखात्याच्या चौकशी समितीचा अहवाल 1922 सालीं बाहेर पडला होता. वुल्फबाईंनीं हा वाद एका चोवीस वर्षांच्या परदेशी मुलीच्या अंतःकरणांतून दाखविला आहे. रीजंट्स पार्कमध्यें तीं दोघें बसलीं असतां आकाशांत एक विमान धुरानें अक्षरें काढतें. डॉक्टरांनीं सांगितलें आहे कीं, पतीचें लक्ष बाहेरच्या वस्तूंकडे वेधावें. म्हणून ती त्याला तें विमान दाखविते. त्याला मात्र तो आपल्यालाच आलेला गूढ संदेश वाटतो. जवळून जाणारा पीटर वॉल्श या दांपत्याकडे पाहतो, आणि प्रेमिकांचें कांहीं भांडण चाललें असावें असें समजून पुढें जातो!

लेखिकेनें रेझियाला साध्वीचें चित्र बनविलेलें नाहीं, हें विशेष. लोक आपल्याकडे पाहतील म्हणून ती शरमते. तिला मूल हवें असतें, बहिणींची आठवण येते, आणि याच्यापेक्षां हा मेलेला बरा, असाही विचार तिच्या मनाला शिवून जातो. झिजून झिजून तिच्या बोटांतील लग्नाची आंगठी सैल होते, म्हणून ती काढून ठेवते. सेप्टिमस त्यावरून समजतो कीं आपलें लग्न संपलें. तरीही ती त्याला सोडून जात नाहीं. ज्यांनीं घरांत दीर्घकाळ आजारी माणूस सांभाळला आहे, त्यांना या त्रस्त निष्ठेची सत्यता पटेल.

मदतीसाठीं ती दोन डॉक्टरांकडे जाते. डॉ. होम्स म्हणतात, कांहीं झालेलें नाहीं, एखादा छंद लावून घ्या. सर विल्यम ब्रॅडशॉ प्रत्येक रोग्यास पाऊण तास देतात. पण त्यांचा निर्णय दोन-तीन मिनिटांतच झालेला असतो. पतीला गांवाबाहेरच्या विश्रामगृहांत ठेवावयाचें, आणि पत्नीनें दूर राहावयाचें. वुल्फबाईंना स्वतःला मनोव्याधीचे झटके येत, आणि सक्तीच्या विश्रांतीचा उपचार त्यांनीं भोगला होता. बाहेर पडतांना रेझियाला कळून चुकतें कीं, आपण आधार मागितला आणि आपल्याला टाकून दिलें गेलें.

त्यानंतरचा टोपीचा प्रसंग मला साऱ्या ग्रंथांत सुंदर वाटतो. संध्याकाळीं ती घरमालकिणीच्या मुलीसाठीं टोपी शिवीत बसलेली असते. ती टोपी फार लहान आहे, अशी थट्टा सेप्टिमस करतो. मग तो स्वतः फिती आणि फुलें जुळवून देतो, ती शिवते, आणि दोघें मनमुराद हंसतात. कित्येक आठवड्यांत असें हंसणें झालेलें नसतें. त्याचे लिहिलेले कागद ती रेशमी फितीनें बांधते आणि ठरविते कीं, कोणीही आपली ताटातूट करूं शकणार नाहीं. इतक्यांत होम्स जिना चढून येतात. ती त्यांच्या वाटेंत उभी राहते. ते तिला बाजूस सारतात. त्यांच्या हातीं सांपडण्यापेक्षां सेप्टिमस खिडकींतून उडी टाकतो.

त्या रात्रीं मेजवानींत ब्रॅडशॉबाई या आत्महत्येची वार्ता सांगतात. क्लॅरिसा एकांतांत जाऊन त्या अपरिचित तरुणाशीं आपलें कांहीं नातें आहे असें अनुभवते. टीकाकारांनीं या क्षणाची पुष्कळ वाखाणणी केली आहे, आणि ती योग्यच आहे. पण त्या तरुणाला पत्नी होती, हें तेथें कोणाच्याही मनांत येत नाहीं. नायिकेच्या विशाल सहानुभूतींतही रेझियाला जागा नाहीं.

ती जागा लेखिकेनें वाचकाच्या मनांत केली आहे. पीटरला जें भांडण दिसलें, डॉक्टरांना जी अडचण दिसली, आणि मेजवानींतील मंडळींना जी दिसलीच नाहीं, ती स्त्री आपल्याला आंतून दिसते. संज्ञाप्रवाहाच्या पद्धतीचें सार्थक मला येथें वाटतें. आपणही आजाऱ्याच्या समाचारास जातों, त्याच्या पथ्यपाण्याची विचारपूस करतों आणि परततों. उशाशीं रात्रंदिवस बसलेल्या माणसाला 'तुमचें कसें आहे?' असें विचारण्याचें आपल्याला क्वचितच सुचतें. रेझियाची ओळख झाल्यावर तें सुचावें.